शेळीनं खाल्लेला वाघ

पिंपळसोंडीच्या वाघाला राहीबाईच्या शेळीनं खाल्लं त्याला दोन वर्षं उलटून गेली, तरी गावाच्या तोंडून ती गोष्ट काही जुनी होईना. दुष्काळाचं साल होतं. रानात हिरवी काडी नव्हती, बांधावरच्या बाभळीसुद्धा लोकांनी ओरबाडून नागड्या केल्या होत्या. राहीबाई आणि तिचा नवरा आकाराम सडकेच्या कामावर खडी फोडायला गेलेले. म्हातारी सासू हरणाबाई ओसरीवर डुलक्या काढत होती. उपाशी शेळीनं दावं तोडलं, रिकाम्या कणगीवर पाय देऊन माळा गाठला आणि तिथं ठेवलेलं वाघाचं मुंडकं खाली पाडलं. कागदाच्या लगद्याचं, चिंचोक्याच्या खळीनं घोटलेलं मुंडकं ते. त्या दिवसांत शेळीला याहून चांगलं जेवण कोण घालणार होतं? तिन्हीसांजेला राहीबाई घरी आली तर वाघाचा एक कान आणि डोळ्यांच्या दोन कवड्या तेवढ्या उरल्या होत्या आणि शेळी निवांत रवंथ करत बसली होती. गावातल्या कितीतरी शेळ्या त्या साली मेल्या. ही जगली.

नुसतं सोंगाचं सामान असतं तर चार दिवस हसून गाव विसरलं असतं. पण माघी पुनवेला वाघजाईची पालखी निघते तेव्हा तिच्यापुढं वाघाचं सोंग नाचत जातं, आणि त्या सोंगाचा मान आकारामच्या घराचा. त्याचा बाप नाथाजी वाघ व्हायचा, नाथाजीचा बापही व्हायचा. रीत अशी, की मुंडकं घरच्या हातांनी केलेलं पाहिजे आणि घरच्याच माणसानं ते घालायचं. दुष्काळात यात्रा भरलीच नाही. पुढच्या साली भरली तेव्हा आकाराम डोक्याला नारिंगी फडकं गुंडाळून, गालांवर काजळाचे पट्टे ओढून नाचायला उतरला. वेशीतून चार पावलं गेला नाही तोच गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बेंऽ!" मग दुसरं कुणी ओरडलं. मग सगळी वेसच बेंबें करायला लागली. थोरली माणसं पटक्याचा शेव तोंडाला लावून हसत होती. आकारामनं कसाबसा देवळापर्यंत नाच रेटला, आणि घरी येऊन ते फडकं चुलीत घातलं.

"पुन्यांदा मी वाघ व्हनार न्हाई," तो म्हणाला. "मान गेला खड्ड्यात."

मान न्यायला माणूस तयारच होता. लालासाहेबाचं ओढ्याकाठी मोठं गुऱ्हाळ होतं, पंचांत त्याच्या शब्दाला वजन होतं. तो म्हणाला, देवीपुढं वाघच नसण्यापेक्षा विकतचा वाघ बरा. आपण सांगलीच्या नाटकवाल्याकडून मखमली मुंडकं आणतो, आपल्या घरचा माणूस नाचेल. पंचांनी माना हलवल्या, पण जुन्या रितीला एकदम लाथ कशी मारायची, म्हणून ठरवलं, की औंदाच्या पुनवेला आकारामच्या घरातून धड मुंडकं निघालं तर ठीक. नाहीतर इथून पुढं वाघ लालासाहेबाचा.

आकारामनं ते मानून घेतलं. राहीबाईला मात्र गप्प बसवेना. मान गेला असता तर तो शेळीनं घालवला असं झालं असतं, आणि शेळी राहीबाईची होती, माहेराहून दाव्याला धरून आणलेली. उद्या लेक झाली आणि तिचं लग्न निघालं तरी लोक म्हणणार, व्हय व्हय, त्या शेळीवालीच्याच घरातली. हे बिरूद मरेपर्यंत मिरवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"मी करती मुंडकं," ती एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली.

आकारामनं भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरला. "तू? कवा केलंस?"

"बुट्ट्या कुनी केल्या घरातल्या? पिठाची, तिखटाची, समद्या लगद्याच्याच हायत्या. बुट्टी पालथी घातली की झालं मुंडकं."

म्हातारीला हसू फुटलं. आकारामला फुटलं नाही. पण त्यानं नाहीही म्हटलं नाही, आणि राहीबाईला तेवढं बस झालं.

तिनं घरोघर फिरून रद्दी मागितली. कुस्त्यांच्या फडाची जाहिरात, साखर कारखान्याचं पत्रक, जुनं पंचांग, मिळेल ते घेतलं. कागद फाडून पाण्यात भिजत घातले, भिजलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटले. चिंचोके भाजून, दळून त्यांची खळ शिजवली. आणि मग परसातल्या कडूजहर कोरफडीचा ओंजळ ओंजळ गर वाटून त्यात घातला. हात कोपरापर्यंत कडू झाले. भाकरीला चव राहिली नाही. आकाराम पहिल्याच घासाला थुंकला आणि उठून गेला. राहीबाईनं लगद्याचा एक गोळा शेळीपुढं धरला. शेळीनं हुंगलं, शिंकली, तोंड फिरवलं.

"आता खा की गं भवाने," राहीबाई म्हणाली, आणि किती दिवसांनी पोटभर हसली.

साचा म्हणून तिनं आपली पाण्याची मातीची घागर पालथी घातली. लगदा चिकटू नये म्हणून तिला राख फासली, वर लुगड्याच्या चिंध्या लावल्या आणि लगदा थापत गेली. नाकाड्याला नारळाची करवंटी, कानांना जुन्या वहाणेचं कातडं, मिशांना खराट्याच्या काड्या, दातांना भोपळ्याच्या बिया. हरणाबाई भिंतीला टेकून बघत होती. तिच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं, पण तोंड शाबूत होतं.

"डोळं कशाचं घालनार?"

"आत्ती, कवड्या घालती की. पैल्या वाघाला कवड्याच हुत्या."

"त्यो वाघ मला कवा खराच वाटला न्हाई बघ," म्हातारी म्हणाली. "माझ्या माहेरी घाटात गोठ्यावर बिबट्या आल्ता. अंधारात त्येचं ना तोंड दिसलं, ना अंग. डोळं तेवढं दिसलं. आसं पिवळंजरद, दिव्यावानी लागलेलं. बाप माझा कुऱ्हाड घिऊन हुबा, पन हात उचलंना त्येचा. भ्या समदं डोळ्यांचं आसतंय."

राहीबाईचा थापता हात थांबला. लालासाहेबाच्या मुंडक्याला मखमल असेल, काचेचे डोळेही असतील. पण लागणारे डोळे सांगलीच्या कुठल्या दुकानात मिळणार होते?

तिनं आधी लगद्याच्या एका जुन्या बुट्टीला दोन भोकं पाडली, ती पालथी घालून आत पणती ठेवून पाहिली. भोकांतून उजेड दिसला खरा, पण घडीभरातच वरचा लगदा करपून घरभर वास सुटला. डोक्यावर घालून नाचणाऱ्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. करपलेली बुट्टी तिनं उकिरड्यावर टाकली, आणि बाजाराच्या दिवशी उंब्रज गाठलं.

उंब्रजला हमरस्त्यावर तिचा भाऊ अर्जुना ट्रकांच्या गॅरेजात कामाला होता. ती पोचली तेव्हा तो एका ट्रकखाली पाय बाहेर काढून पडला होता. "आक्का, बस जरा," असं त्यानं खालूनच सांगितलं. राहीबाई टायरावर बसली. इतक्यात दुसऱ्या ट्रकवाल्यानं वळायचा दिवा लावून बघितला. भर दुपारी ती पिवळीजरद काच लागायची, विझायची, लागायची. राहीबाई उठून काचेला नाक लावून उभी राहिली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाई, सरा मागं!" ती सरली नाही.

"आर्जुना," ती म्हणाली, "मला आसलं दोन डोळं पायजेत."

अर्जुनानं भंगारातून दोन काचा हुडकून दिल्या. एकीचा टवका उडाला होता, तो त्यानं कानशीनं घासून काढला. बारके बल्ब आणि वायर दिली. बाकीचं घरी येऊन करतो म्हणाला. "पन आक्का, बॅटरी लागंल. शेलाची, हातात धरायची."

हातातली बॅटरी घरात एकच, आणि ती आकारामची. रातपाळीनं पाणी आलं की तिच्या उजेडात तो उसाची दारं धरायचा. उशाला घेऊन झोपायचा. राहीबाईनं मागितली तेव्हा त्यानं आधी सरळ नाही म्हटलं.

"इच्चू चावला म्हंजी?"

"कंदील न्ह्या चार दीस."

"लोकं काय म्हनतील? आकाराम्याच्या वाघाला टाळकं न्हाई, पन बॅटरी हाय?"

"टाळकं हाय," राहीबाई म्हणाली. "बघा तरी येकदा."

आकारामनं पहिल्यांदाच घागरीवरच्या त्या मुंडक्याकडं नीट पाहिलं. ओलं होतं, रंग नव्हता, भोकं मोकळी होती. तरी जबडा असा काढला होता, की त्याचा हात आपसूक पुढं गेला आणि त्यानं वरच्या दातांवरून बोट फिरवलं. मग उठून उशाखालची बॅटरी काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

रंगाआधी मुंडकं खडखडीत वाळायला हवं होतं. लगदा चैतात सावलीत हळूहळू वाळवायचा असतो, हे राहीबाईला ठाऊक होतं. पण माघाची थंडी, अंगणात दुपारी चार घटका ऊन, आणि पुनव तोंडावर. आकाराम लालासाहेबाच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घालायच्या कामाला होता. राहीबाईही तिथं चिपाडं वाळवायला जायची. कढईखाली दिवसरात्र जाळ, आणि चुलवाणाची मागची भिंत सदा कढत. तिनं घागरीसकट मुंडकं पाटीत घालून नेलं आणि त्या भिंतीला लावून वर पोतं टाकलं.

दुपारी लालासाहेब काकवी चाखायला आला. पोतं बघून काठीनं उचललं.

"ह्ये काय गं राहीबाई? शेळीची शिदोरी व्हय?"

गुऱ्हाळावरचे गडी हसले. गुळव्याही हसला. आकाराम चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडाची पेंढी धरून तसाच उभा राहिला, जाळानं का कशानं तोंड लाल झालेलं.

"वाळू द्या वाळू द्या," लालासाहेब म्हणाला. "आमच्याच जाळावर तुमचा वाघ शेकतुया म्हनल्यावर आमी न्हाई कशाला म्हनू?" आणि पोतं अलगद परत टाकलं. शिवी दिली असती तर राहीबाईला इतकं लागलं नसतं. ती चिपाडं पसरत राहिली, आणि सगळा राग त्या चिपाडांवर काढला.

दोन दिवसांत मुंडकं टणटणीत वाळलं. घरी आणून तिनं आतली घागर फोडून काढली, वर हळद आणि कावेचा हात दिला, दिव्याच्या काजळीत तेल कालवून पट्टे ओढले, जबड्याला चुना लावला. अर्जुना संध्याकाळी आला. काचा बसवल्या, बॅटरीची नळी मानेमागं कातड्याच्या पट्ट्यानं बांधली, आणि वायरीची दोन टोकं खाली सोडली. टोकं मुठीत दाबली की डोळे लागायचे, मूठ सोडली की विझायचे.

"घाला दाजी," तो म्हणाला.

आकारामनं मुंडकं डोक्यावर धरलं आणि खाली ओढलं. कानापर्यंत आलं आणि अडलं. त्यानं आणखी ओढलं. कान सोलले गेले. अर्जुनानं वरून दाबलं, तसा आकाराम ओरडला आणि मुंडकं भिरकावण्याच्या बेतात आला. राहीबाईनं झडप घालून धरलं.

तिनं आतून हात फिरवून पाहिला. चुलवाणाच्या कढत भिंतीला लगदा ओढला होता, आतली घागर निघताच आवळून आला होता. आणि मुळात घागर तिची, तिच्या अदमासानं घेतलेली. आकारामच्या डोक्याचं माप घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

"कापू या का मागनं?" अर्जुना म्हणाला.

"कापलं की चिरंल. वाळलेला लगदा हाय."

पुनव उद्यावर होती. आकाराम ओट्यावर बसला, कान चोळत. "जाऊ दे," तो म्हणाला. पण या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यालाही आता तो वाघ हवा होता, हे राहीबाईला त्या दोन शब्दांत कळलं, आणि तिला रडूच आलं.

आतून कुठं ढिलं करता येतंय का बघावं, म्हणून तिनं चुंबळ डोक्यावर ठेवून मुंडकं स्वतः घातलं. ते एकदम बसलं. कुठं अडलं नाही, कुठं घासलं नाही. जबड्यातून समोरचं अंगण दिसत होतं. तिनं वायरीची टोकं मुठीत धरली आणि तशीच चार पावलं चालली, वळली, खाली बसून उठली.

"आक्का, थांब!" अर्जुना ओरडला. "परत बस. आता उडी मार."

तिनं मारली.

"दाजी, बघा! आवं मगा मी हातात धरून हलीवलं तर धक्क्याधक्क्याला डोळं जात हुतं. शेल हलत्यात आत. आन हिचं बघा, लागलेलं ते लागलेलं!"

लहानपणापासून डोईवर हंड्यावर हंडा घेऊन ओढ्याची चढण चढलेली मान होती ती. सडकेच्या कामावर मुरमाच्या पाट्या वाहिलेली. खाली अंग कितीही नाचलं तरी वरचं पाणी हिंदकळायचं नाही, हे तिच्या मानेला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आकाराम ओट्यावरून उठून जवळ आला. मग म्हणाला, "बाईमानूस वाघ? गाव हसंल."

"गाव आत्ता न्हाई व्हय हसत?" राहीबाई आतूनच म्हणाली.

"वाघजाई काय बाप्या हाय व्हय रं?" हरणाबाई भिंतीकडून कडाडली. "घरच्या मानसानं घालायचं, आशी रीत हाय. ती काय शेजारनं आलीया?"

आकारामनं रात्री माळ्यावरून नाथाजीची पट्ट्यापट्ट्यांची बंडी काढली, झटकली, आणि राहीबाईच्या उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वेशीत गाव जमलं. पालखी सजली होती, ढोल तापवून झाले होते. लालासाहेब मखमली मुंडकं टॉवेलात गुंडाळून घेऊन उभा होता. आपल्याला ते लागणारच, याची त्याला खात्री होती. आकाराम गर्दीतून पुढं आला. त्याच्या अंगावर सोंग नव्हतं, साधा सदरा-धोतर होतं.

"काय गड्या, वाघ कुठाय?" कुणीतरी विचारलं. मागून एक बारीक "बेंऽ" आलंच.

आकारामनं तिकडं पाहिलं नाही. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या धरणाऱ्यांना तो म्हणाला, "बत्त्या मागं पालखीपाशी न्ह्या. म्होरं अंधार पायजे."

बत्त्या मागं गेल्या. पुनवेचा चांद अजून डोंगराआडच होता, वेशीपुढचा रस्ता काळोखात बुडाला. ढोलावर पहिली टिपरी पडली, आणि पिंपळाच्या बुंध्याआडून, माणसाच्या उंचीवर, दोन डोळे लागले.

पिवळेजरद. हलत नव्हते, मिचकत नव्हते. नुसते बघत होते. ढोलवाल्याचा हातच थांबला. पुढं बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर सरकल्या. डोळे विझले, आणि पुन्हा लागले तेव्हा पार जवळ, लालासाहेबाच्या छातीसमोर होते. लालासाहेब मागं सरला, गटाराच्या काठावरून एक पाय आत गेला, आणि मखमली मुंडकं टॉवेलासकट त्या चिखलात पडलं.

"वाजीव की रं!" आकाराम गरजला. ढोल सुटले.

राहीबाई नाचली. आधी जबड्यातून माणसं धुरकट दिसत होती, स्वतःचाच श्वास कानात घुमत होता. मग ढोल अंगात शिरला. ती बसली, उठली, गर्रकन वळली, चढावर तीन उड्या मारून थांबली. पाय सैरावैरा, आणि वर मुंडकं हंड्यासारखं स्थिर. तिनं मूठ सोडली की गाव श्वास रोखायचं, मिटली की आरोळी उठायची. हे सगळं आपल्या एका मुठीत आहे, या जाणिवेनं तिला असा आनंद झाला, की ती आत मोठ्यानं हसत होती आणि ढोलांत कुणाला ऐकू येत नव्हतं.

गर्दीत कुजबूज चालूच होती. "आकाराम तर ह्यो हितं हाय. मग आत कोन?" "त्येचा मेव्हना आसंल." "मेव्हना तर बत्तीपाशी हाय की!" "मग कोन रं?"

देवळाच्या पायरीशी पालखी टेकली. ढोल थांबले. केरबा गुरव कुंकवाचं ताट घेऊन पायरीवर आला. वाघाला कुंकू लावायच्या आधी त्यानं विचारायचं आणि घरच्या पुरुषानं घराचं नाव घ्यायचं, मग त्या घराचा मान त्या वर्षापुरता पक्का. एरवी आतूनच उत्तर यायचं. आज आकाराम बोलणार, असं घरून ठरवून निघाले होते. त्यानं बापाचं नाव घ्यायचं आणि राहीबाईनं गप्प राहायचं. कुंकू लागलं की मागच्या वाटेनं घर गाठायचं.

"वाघ कुनाचा?" गुरवानं विचारलं.

आकाराम पुढं झाला. त्यानं एकदा गर्दीकडं पाहिलं, एकदा त्या लागलेल्या डोळ्यांकडं. घसा खाकरला.

"राहीबाईचा," तो म्हणाला.

गुरवाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "कुनाचा?"

"माझ्या बायकूचा!" आकाराम आता असा ओरडला, की मागच्या बत्त्यांपर्यंत गेलं. "तिनं केलाय, तिनंच घातलाय. नाथाजीच्या घरचा वाघ हाय, आन आत राहीबाई हाय. लाव कुक्कू!"

आत राहीबाईला धाप लागली होती, डोळ्यांत घाम उतरला होता, घामाबरोबर आणखीही काही उतरत होतं. आता लपून काय उपयोग? तिनं दोन्ही हातांनी मुंडकं वर उचललं आणि काखेत धरलं. केस सुटलेले, कपाळावर चुंबळीचा वळ, तोंड घामानं निथळतंय. ती सरळ गुरवाकडं बघत उभी राहिली.

केरबा गुरवाचा हात ताटात अडकला होता. त्यानं लालासाहेबाकडं पाहिलं. लालासाहेब चिखलानं भरलेला पाय आपटत उभा होता. "लाव की," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्या जाळावर शेकलाय, तवाच वळखायला पायजे हुता."

गुरवानं बोट कुंकवात बुडवलं. आधी वाघाच्या कपाळाला लावलं. मग क्षणभर थांबून राहीबाईच्याही कपाळाला लावलं.

"वाघजाईच्या नावानंऽ" हाळी उठली, पण या वेळी ती पुरुषांतून नाही, बायकांच्या बाजूनं उठली. "चांगभलं!" गाव गरजलं, आणि बायका हाळी देतच राहिल्या, घसा बसेपर्यंत. आकाराम गर्दीत उभा राहून उपरण्यानं तोंड पुसत होता, आणि जो तो त्याच्या पाठीवर थापा मारत होता.

"पानी प्येतीस का गं?" त्यानं शेवटी जवळ येऊन विचारलं.

"मागनं," राहीबाई म्हणाली. तिनं चुंबळ सारखी केली आणि मुंडकं पुन्हा डोक्यावर चढवलं. पालखी अजून पायरीशीच होती, आणि वाघ पुढं झाल्याशिवाय ती देवळात जात नसते.